आईच्या नावावरची रिस्क

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, समजावून सांगायची फार हौस. समोरच्याला समजलं नाही तर तो आवाज वाढवतो, आणि समजलं तर त्याला राग येतो. ही गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे.

वडील तुर्भ्याच्या कारखान्यात राबले. ते गेल्यावर कंपनीकडून आईला पैसे मिळाले. त्यांचं काय करायचं ते ठरवायला दादाने मला कामोठ्याहून कोपरखैरण्याला बोलावून घेतलं. आई त्याच्याकडेच राहते. जेवणं उरकल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि शिकवणी सुरू केली. अर्धे पैसे बँकेत मुदत ठेवीत, त्यावर सात टक्के. अर्धे शेअर बाजाराच्या फंडात, तिथे सरासरी बारा धरायचे. दोन्ही मिळून परतावा साडेनऊ. एखाद्या वर्षी फंड वीस टक्के पडलाच, तरी ठेवीचे सात येणारच, म्हणजे सगळ्या रकमेवर फटका साडेसहाचा. एवढी रिस्क घराला सहज झेपते, असं त्याचं म्हणणं. आई मान डोलवत होती. गणितात एक चूक नव्हती.

मग नावं घालायची वेळ आली. आमच्या घरात पक्की वस्तू मुलाच्या नावावर जाते. जागा तशीच गेली, गाडी तशीच गेली, तेव्हा ठेवही दादाच्या नावावर. होम लोन घेताना बँकेला दाखवायला बरी. फंड आईच्या नावावर, कारण तिला उत्पन्न नाही, टॅक्स वाचतो. आईच्या ठेवीवर ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त मिळेल, एवढं मी म्हटलं. तर नाव कुणाचं का असेना, घर एकच आहे ना, असं मला ऐकवण्यात आलं. वहिनी कपबशा उचलत होती, तिनेही हेच सांगितलं.

पुढे बाजार पडला, आणि नेमका तेव्हाच आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. ती चहा कपाबाहेर ओतायला लागली. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. दादा फोनवर म्हणाला, फंड वर येईपर्यंत थांबू, तोट्यात विकणं हा मूर्खपणा. मग ठेव मोड, मी म्हटलं. ती मोडायची नाही, व्याज बुडतं. व्याज बुडतं म्हणे! आईची नजर बुडत होती, त्याचा रकाना त्याच्या कोष्टकात नव्हता.

मी तशीच कोपरखैरण्याला गेले. त्याने पुन्हा लॅपटॉप पुढे केला. "हे बघ, टोटल पोर्टफोलिओ ओके आहे. तू उगाच टेन्शन घेतेस."

माझं डोकं फिरलं. साडेसहाचा फटका घराचा म्हणे. घरात तो कुणाला बसला होता? दादाला सात टक्के मिळत होते. वीसच्या वीस आईच्या एकटीच्या डोक्यावर पडले होते.

"मग आज नावं बदलू," मी म्हटलं. "ठेव आईला दे, फंड तू घे. तुझे साडेनऊ तेवढेच राहतात."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "असं कसं? उद्या मला पैसे लागले तर? माझ्यामागे पोरं आहेत. एवढी रिस्क मी नाही घेऊ शकत."

आई तिथेच सोफ्यावर बसली होती. तिने सगळं ऐकलं. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "त्याला संसार आहे."

मला दादाचा आला नव्हता एवढा राग त्या वाक्याचा आला. तिला म्हटलं, कपडे भर, ऑपरेशन कामोठ्याला होईल, खर्च मी करते. ती उठली. पण पिशवी घ्यायच्या आधी दादाकडे वळली आणि त्याला विचारलं, "जाऊ का रे?"