खर्चाच्या यादीतला पाहुण्यांचा चहा

आमच्या रिसीव्हरसाहेबांइतकं मन लावून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नाक खुपसणारा माणूस अख्ख्या श्रीरामपुरात झाला नाही, आणि त्यांनी ते खुपसलं नसतं तर माझ्या दोन्ही पोरींची हाडं आज इतकी भक्कम नसती.

रिसीव्हर म्हणजे कोर्टानं नेमलेला माणूस. एखाद्यानं नादारीचा अर्ज केला की त्याची चीजवस्तू ताब्यात घ्यायची, विकायची आणि येईल ते घेणेकऱ्यांत वाटायचं, हे त्याचं काम. तसा अर्ज आमच्या ह्यांनी केला होता. ह्यांचं सायकलींचं दुकान आणि सायकली हप्त्यानं देण्याची दांडगी हौस. अर्धा तालुका आमच्या सायकलींवर हिंडायचा, आणि हप्ता मागायला गेलं की जरा जोरात हिंडायचा. नव्वदीनंतर लोक मोपेडवर बसायला लागले आणि आमच्याकडे न विकलेल्या सायकली आणि कर्ज तेवढं उरलं. रिसीव्हरसाहेबांची सायकलही आमच्याच दुकानातली, पण रोखीनं घेतलेली. असं दुसरं गिऱ्हाईक ह्यांना आठवत नव्हतं.

साहेब मूळचे वकील. काळा कोट उन्हानं शेवाळी झालेला, आणि त्याचे खिसे एवढे की एकात कागदपत्रं आणि दुसऱ्यात किराणा. हे मी गमतीनं म्हणत नाही. पहिल्याच दिवशी मी चहा ठेवते म्हटलं, तर त्यांनी खिशातून वर्तमानपत्राच्या दोन पुड्या काढून ओट्यावर ठेवल्या, एक चहापत्तीची, एक साखरेची. म्हणाले, "वहिनी, या घरातली साखर आता घेणेकऱ्यांची. तिचा चहा मला चालायचा नाही." मी तोंड फिरवून आधण ठेवलं. माझं माहेर घोडेगावचं, वडील तिथल्या बाजारात बैलांचे सौदे जमवायचे. दात बघून बैल आणि चेहरा बघून माणूस ओळखता येतो, अशी माझी समजूत. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि अक्कल सोडून सगळं माझ्याकडे होतं. मी लगेच निकाल दिला, हा माणूस कवडीचुंबक. पुडी सोडली तर आत चांगली पावशेर साखर. उरलेली परत द्यायला गेले तर म्हणाले, "सोडलेली पुडी मी परत घेत नाही." वर पित्ताचं कारण सांगून स्वतःचा चहा पोरींच्या बशांत ओतला आणि रिकाम्या कपाला नुसते ओठ लावले. दर खेपेला हेच. पोरी तर त्यांच्या सायकलीची घंटा वाजली की बशा घेऊनच बसायच्या.

खरी गंमत पुढेच. दुकान विकेपर्यंत त्याच्या उत्पन्नातून आम्हाला घरखर्चाला दरमहा काय द्यायचं, ते नगरचं कोर्ट ठरवणार होतं, आणि त्यासाठी खर्चाची यादी मी लिहून द्यायची होती. रात्रंदिवस एकच घोर, किती मिळेल आणि त्यात पाच माणसं कशी जगतील. एवढा घोर असलेली शहाणी बाई दोन रुपये जास्तच लिहील. मी लिहिलं ते असं: दूध, लागत नाही. तेल, नावापुरतं. कपडे, आहेत. भरल्या कोर्टात आपली यादी वाचतील आणि लोक म्हणतील, बघा यांचे चोचले, या भीतीनं मी आमचं सगळं घर उपाशी ठेवलं होतं. अक्षर मात्र मोत्यासारखं काढलं.

साहेबांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग विचारलं, "वहिनी, या घरात माणसं राहतात की फोटो?"

उत्तराची वाट न बघता ते उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. एकेक डबा उघडून वास घेतला, तेलाची बरणी उजेडाला धरली. थोरलीला विचारलं, दूध कधी प्यायलीस. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बंद केलंय. आईनं सांगितलंय, कुणाला बोलायचं नाही." मग ते सासूबाईंसमोर बसले. आजी, तुम्हाला काय लागतं? सासूबाई म्हणाल्या, "मला काय लागतंय? येळंला भाकर आन् सकाळी मिसरी. मिसरी न्हाई मिळाली तर म्या कोर्टाला बी चावंन." मिसरी मी लाजेनं गाळली होती. साहेबांनी ती पहिल्या ओळीत लिहिली.

मला त्यांनी एवढंच सांगितलं, "आज तुम्ही अभिमानानं लिहाल, कोर्ट त्यावर सही करील, आणि वर्षभर पोरी पाण्याला दूध म्हणतील." मी पदरानं नाक पुसत नवी यादी लिहायला घेतली. ते सांगत गेले. दूध, गोडेतेल, थोरलीची दहावीची फी, ह्यांच्या चपला. शेवटी म्हणाले, आता पाहुण्यांचा चहा. मी म्हटलं, नादाराकडे कोण येतंय? ते म्हणाले, लिहा.

कोर्टात घेणेकऱ्यांच्या वकिलानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. बुडालेल्या माणसाला पाहुणे कशाला हवेत? साहेब सावकाश उभे राहिले. "आपले अशीलच उद्या यांच्या दारात तगाद्याला जाणार. उन्हातून आलेल्या माणसाला चहा कुणी पाजायचा?" न्यायाधीशसाहेब फायलीआड तोंड लपवून हसले आणि यादी होती तशी मंजूर झाली. त्या महिन्यात घरात दूध पुन्हा सुरू झालं. घेणेकरी यायचे ते खरंच चहा पिऊन जायचे, आणि चहा प्यायल्यावर माणसाला फार ओरडता येत नाही, हेही मला कळलं.

दोनेक वर्षांनी आम्ही नादारीतून सुटलो. तोवर हे दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढायला लागले होते आणि मी साड्यांना फॉल लावत होते. सुटकेचा कागद द्यायला साहेब आले. मी आधण ठेवलं, तसा त्यांचा हात खिशाकडे गेला. म्हटलं, "साहेब, आज पुडी नको. ही साखर माझी हाय." एरवी शहरी बोलणारी मी, त्या दिवशी थेट घोडेगाव तोंडात आलं. मी तीन चमचे साखर घातली. त्यांनी कप घेतला आणि पोरी बशा धरून बसल्या असताना शेवटच्या घोटापर्यंत स्वतः प्यायले. "झकास झालाय," म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेले तर त्यांच्या पत्नीनं चहा दिला, बिनसाखरेचा. ओशाळून म्हणाल्या, साहेबांना मधुमेह होता, वीस वर्षांत या घरात साखर आली नाही. "तरी वाणी सांगायचा, वकीलसाहेब दर महिन्याला साखर नेतात म्हणून. मला वाटायचं, चोरून खातात. फार भांडले हो मी त्यांच्याशी."

मी कप खाली ठेवला आणि त्यांना पुड्यांची गोष्ट सांगितली. त्या तीन चमच्यांचीही. त्या उठून शेजारी गेल्या, वाटीत थोडी साखर मागून आणली, आणि आम्हा दोघींच्या कपांत एकेक चमचा घातला.