उतराकाकांचं डावं इंजिन

टेकडीवरच्या वस्तीत जाणारी एकच जीप होती आणि ती चालवणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव टपालवाल्यालासुद्धा आठवत नसे. सगळे त्यांना उतराकाका म्हणत. कारण खालच्या बाजारातून भरून निघालेली जीप अर्ध्या चढावरच्या मोठ्या वळणापाशी आली की धापा टाकायला लागायची, आणि काका मान मागे वळवून, राजाने दरबार बरखास्त करावा अशा थाटात म्हणायचे, "उतरा मंडळी!" मंडळी उतरायची, टोपल्या आतच ठेवून गाडीला खांदा लावायची आणि वळण सरलं की पुन्हा आत बसायची. कुणाची तक्रार नसे. म्हातारी गाडी आणि म्हातारा माणूस, दोघांचाही मान राखायला हवा.

तक्रार होती ती एकट्या काकूंची. "लग्न झाल्यापासून या गाडीत मी बसले कमी आणि ढकलली जास्त," असं त्या भर गाडीत सुनवायच्या. गेल्या वर्षी वळणावरच्या चिखलात त्यांचा पाय घसरला, गुडघा सुजून टम्म झाला, आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता या गाडीत पाय ठेवीन तो वरपर्यंत बसून जायचं असेल तरच."

वर त्यांची थोरली बहीण राहायची. ताईंची नजर अधू, काकूंचा गुडघा अधू. परतताना वळणावर उतरावं लागणार, म्हणून एकीला खाली येता येईना, दुसरीला वर जाता येईना. वर्षभर दोघींचं बोलणं काकांमार्फत चाललं होतं. काका निरोप पोचवताना त्यात पदरचं घालत, त्यामुळे दोन्ही घरांत भलतेच गैरसमज माजले होते. शेजारी म्हणाला, "काकू, माझ्या नव्या गाडीतून सोडतो की." काकूंनी मान हलवली. "नको रे. ह्यांची गाडी दारात उभी असताना मी दुसऱ्याच्या गाडीतून गेले, तर ह्यांनी तोंड कुठे दाखवायचं?"

काकांनी हे खिडकीआडून ऐकलं आणि त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. ताईंचा सत्तरावा वाढदिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी काकूंना बसल्या जागेवरून न हलवता वर न्यायचं, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

इंजिन मिळालं नदीवर. माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी जुनी बोट मोडीत निघाली होती. तिच्या पोटात दोन डिझेल इंजिनं, एक उजवं, एक डावं. उजवं कुणी तरी पिठाच्या गिरणीसाठी आधीच उचललं होतं. डावं काकांनी हातगाड्यावर घालून, वरातीसारखं मिरवत आणलं.

मिस्त्रीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "काका, हे जीपमध्ये घालायचं, की जीप ह्याच्यात?"

"तू घाल रे. दम बघ त्याचा! अख्खी बोट ओढायचं."

अंगणातल्या झाडाला चेनकप्पी टांगली. जुनं इंजिन निघालं, नवं लोंबकळत आत उतरलं आणि अडकलं. मग रेडिएटर पुढे सरकवला, त्यामुळे जीपला पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. बॉनेट बंद होईना, म्हणून त्याला चौकोनी भोक पाडलं. गिअरबॉक्स जुनाच, त्याला इंजिन जोडायला लेथवाल्याने जाड लोखंडी चकती कातून दिली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झालं. आवाज असा, की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. काकांनी केसांवरून हात फिरवला, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या काकूंकडे एक नजर टाकली आणि पहिला गिअर टाकला.

जीप मागे गेली. कपड्यांची दोरी तोडून, काकांचाच लेंगा अंगावर घेऊन पाण्याच्या टाकीला टेकली.

"गिअर चुकला तुमचा," मिस्त्री म्हणाला.

"माझा? चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"मग दुसरा टाकून बघा."

दुसऱ्यात जीप आणखी जोरात मागे रेटायला लागली आणि टाकी कलली. शेवटी मिस्त्रीने घाबरत घाबरत रिव्हर्स टाकला, तशी जीप शहाण्यासारखी, सावकाश पुढे आली.

बोटीच्या नावाड्याला बोलावणं गेलं. तो हसून हसून ओट्यावर बसला. "अहो, डावं ते! दोन्ही इंजिनं एकाच बाजूला फिरली तर बोट तिरकी नाही का जायची? म्हणून डावं उलटं फिरतं. मला वाटलं, तुम्हालाही गिरणीच टाकायचीय."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "दोन्ही एक्सल काढून उलटे बसवले तर जमेल. पण उद्यापर्यंत? शक्यच नाही."

काका आत जाऊन काकूंसमोर उभे राहिले. नाटकात संवाद विसरलेल्या माणसाचा असतो, तसा चेहरा. "अगं, चार गिअर मागे जायला झालेत. पुढे जायला एकच."

काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. "वर जायला किती लागतात?"

"…एक."

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी काकू पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन बसल्या. मागे नेहमीची मंडळी. जीप निघाली ती माणसाच्या चालीने. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई मागून आली, काकूंची विचारपूस करून पुढे निघून गेली. काका कानापर्यंत लाल झाले; काकू मात्र ताठ.

वळण आलं. काकांचं तोंड सवयीने उघडलं, "उत—" आणि त्यांनी त्याचा खोकला केला. पण मंडळी सांगायची वाट थोडीच बघणार? सगळी खाली! खांदे लावले, तर गाडी खांद्यांखालून निघून चालली. टपालवाला तोंडावर आपटता आपटता वाचला. "अहो काका, थांबा, आम्ही राहिलो!" काका थांबतात कसले! दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त शेजारची सीट बघत होते. सीट भरलेली होती. वळण मागे पडलं.

ताईंच्या फाटकापाशी काकांनी गाडी उभी केली आणि काकू काही बोलतील म्हणून थांबले. काकू बोलल्या, पण बहिणीशी.

"ताई, वळणावरून खाली नदी दिसते, तुला माहीत होतं? मधोमध पांढऱ्या वाळूचं एवढं मोठं बेट आहे! इतकी वर्षं मेली मान खाली घालून ढकलत होते, मला कळलंच नाही."

"मला दिसायचं तेव्हा दिसायची," ताई म्हणाल्या. "जवळून कधी नाही बघितली."

काका रुमालाने उगाच काच पुसत राहिले.

दोन दिवसांनी मिस्त्री जॅक आणि पाने घेऊन एक्सल काढायला हजर झाला. काकू अंगणात आडव्या आल्या.

"आज नको."

"अगं, पोटापाण्याची गाडी ती!" काका म्हणाले. "एका गिअरवर किती दिवस रखडायचं?"

"एकच दिवस. ताईला खाली नदीवर आणायचंय. तुमचे चार गिअर लागले की पळवाल गाडी, आणि तिला दिसतं ते सावकाशीने."