विक्रमला पीआर मिळाला

आमच्या सक्करदऱ्यात विक्रम आता मोठा माणूस समजला जातो. ऑस्ट्रेलियात कायम राहायचा परवाना, म्हणजे पीआर, मिळवून तो सुट्टीवर आला, तेव्हा कॉलनीच्या मंडळानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी गेलो नाही. कळमेश्वरच्या एमआयडीसीत मी, विक्रम आणि प्रीतम एकाच कारखान्यात होतो, आणि तिकडचं सगळं प्रीतमनं मला सांगितलं आहे, त्यामुळे ती शाल कशाची आहे ते मला ठाऊक आहे.

विक्रम डिप्लोमावाला सुपरवायझर. साहेब हसले की हा हसायचा, तेही साहेबांना ऐकू जाईल असं. प्रीतम वेल्डर, तोंडावर बोलणारा. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात गुरं वाहून न्यायच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मालकानं विक्रमला व्हिसासाठी स्पॉन्सर केलं. पुढं मालकाला वेल्डर हवा होता, तेव्हा विक्रमनं प्रीतमचं नाव सुचवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. हुकूम सोडायला त्याला आपल्या भाषेतला माणूस हवा होता.

तिथं ज्या मालकानं आणलं त्याच्याकडेच काम करायचं, आणि काही वर्षं तो खूश राहिला तर तोच पीआरसाठी नाव पाठवतो. विक्रमनं मालकाला खूश ठेवायचा धंदाच मांडला. रविवारी त्याच्या अंगणातलं गवत कापायचा, त्याचं कुत्रं फिरवायचा. आईला फोनवर मात्र "मी इथे मॅनेजमेंटमध्ये आहे" म्हणायचा.

पत्रा वाकवायच्या मशीनला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतो. काम भराभर उरकावं म्हणून मालकानं तो काढून ठेवायला लावला. विक्रमनं स्वतः पाना घेऊन काढला.

"काहून काढला गा?" प्रीतमनं विचारलं. "कोनाचा तरी हात जाईन."

"तू तुझं काम कर," विक्रम म्हणाला. "माझी पीआरची फाइल आत्ताच लागली आहे."

त्याच आठवड्यात प्रीतमच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनखाली गेली.

सरकारी निरीक्षक आला. गार्ड लावलेला होता, या पोरानंच काढला, असं मालकानं सांगितलं. निरीक्षकानं सुपरवायझरला विचारलं. विक्रम हो म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. दवाखान्याचा खर्च विम्यातून झाला, पण नियम मोडला म्हणून प्रीतमची नोकरी गेली. नोकरीवरच व्हिसा टांगलेला. ठरलेल्या मुदतीत दुसरा मालक मिळाला नाही तर देश सोडायचा. असा हात घेऊन आलेल्या वेल्डरला कोण स्पॉन्सर करणार? प्रीतम निघाला त्या दिवशी विक्रम विमानतळावरही गेला नाही. मालकाकडे पाहुणे होते, हा त्यांच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होता.

प्रीतम आता इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या एका ठोक दुकानात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. डाव्या हातानं लिहायला शिकला आहे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी विक्रम चॉकलेटचा डबा घेऊन प्रीतमच्या घरी आला. मी तिथंच बसलो होतो. हाताबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही.

"मी आता नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे," तो म्हणाला. "ते जुनं प्रकरण तू कुठे बोलू नकोस. उगाच माझी अडचण व्हायची."

"मी कोनालेच सांगत फिरून नाही राहिलो," प्रीतम म्हणाला. "तुह्या मायनं विचारलं. तिले सांगितलं."

चॉकलेटचा डबा तिथंच ठेवून विक्रम उठला, आणि चप्पल घालताना मला म्हणाला, "तू तरी आईला समजाव." बोलण्याच्या लायकीचाच तो मला वाटला नाही.

त्याची आई, प्रमोदिनीबाई, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. विक्रम त्यांना तिकडे न्यायचे कागद घेऊनच आला होता. घरी काय झालं ते पुढं त्यांनीच मला सांगितलं.

"आई, तडजोड सगळेच करतात," तो म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण? एकाचं नाव सांग."

मग तो तिकडचं घर, बाग, दवाखाने असं काहीबाही वर्णन करत बसला.

"तिकडे सगळं असेल," त्या म्हणाल्या, "पण तिकडे तू आहेस. मी येत नाही."

ते कागद त्यांनी त्याच्या बॅगेत परत ठेवले, त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः आत जाऊन पडल्या.

विक्रम परत गेला. गेल्या महिन्यात त्यानं कॉलनीच्या ग्रुपवर तरुणांसाठी व्हिडिओ टाकला: परदेशात टिकायचं असेल तर मालकाचा विश्वास संपादन करा. पोरांनी खाली अंगठ्यांची रांग लावली. प्रमोदिनीबाई त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी अजून आहे. हा माणूस आणखी किती वाकतो, ते मला बघायचं आहे.