नानांनी सांगितलेली शेवटची तारीख

प्रा. देवचंद सुपडू सोनवणे यांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली आणि त्या दिवशी मी त्यांना लबाड समजले होते. गौरवग्रंथात हे वाक्य शोभत नाही असं संपादक मंडळाला वाटलं तर त्यांनी ते खुशाल काढावं. पण सुरुवात पहिल्या भेटीपासून करा असं त्यांनीच कळवलं आहे आणि पहिली भेट अशीच झाली, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा मी जळगावला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय केळीवरचा करपा, म्हणजे पानांवर ठिपके पडून सगळं पान वाळवत नेणारा रोग. दोन वर्षं झाली होती, शिष्यवृत्ती मिळाली नव्हती आणि एका खासगी शाळेत नोकरी धरायचं मी जवळपास ठरवलं होतं. अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी सोनवणे बोलतोय, पारोळ्याहून. तुम्ही करप्यावर काम करता ना? तुमच्यासाठी एक जाहिरात आलीय. शेवटची तारीख वीस. रविवारी कागद घेऊन या." एवढं बोलून फोन बंद. मला वाटलं, शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून गंडवणारा कुणीतरी असणार. नंतर कळलं, की धुळ्याच्या एका चर्चासत्रात मी माझ्या पोस्टरशेजारी तासभर एकटी उभी होते, तेव्हा पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ येऊन सगळं वाचून गेले होते. मी त्यांना मंडपवाल्यांपैकी समजले होते. माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही!

तेच हे निवृत्त प्राध्यापक, जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या संशोधक मुलामुलींचे नाना. ते येत्या महिन्यात पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे या लेखात मधूनमधून मी उठून येरझाऱ्या घालते असं वाटलं तर वाचकांनी समजून घ्यावं. हा लेख लिहिताना संगणकावर शेजारीच एक अर्ज उघडा आहे. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीची ही पाठ्यवृत्ती, म्हणजे फेलोशिप, आहे. पुढच्या वर्षी मी तिच्या वयोमर्यादेत बसणार नाही. ती मिळाली तर करप्याचं काम पुढे चालेल, नाही मिळाली तर मी आता आहे तशीच तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, बस पकडत शिकवत राहीन आणि प्रयोगशाळा कायमची सुटेल. नानांनी मला तारीख सांगितली आहे सतरा. आज बारा आहे.

पारोळ्याला नानांच्या घराला मोठा ओटा आहे. जळगावची आणि धुळ्याची, दोन्हीकडच्या एसट्या तिथे थांबतात, म्हणून दर दुसऱ्या रविवारी तिथे मुलं जमतात. नाना त्यांना जाहिरातीतली बारीक अक्षरं समजावतात, मोठ्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना पत्र कसं लिहावं ते शिकवतात, खोटी मुलाखत घेऊन घाम फोडतात. उत्तरेत थंडीत मुलाखत निघाली तर जाणाऱ्याला घरातला एक तपकिरी स्वेटर देतात. तो इतक्या जणांच्या अंगावर बसून आलाय की त्याच्या बाह्या आता कुणालाही होतात. पण या सगळ्याच्या आधी एक परीक्षा असते. अर्ज नानांना वाचून दाखवायचा नाही, अक्कांना वाचून दाखवायचा. अक्का म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. त्या तूर निवडत बसतात आणि ऐकतात. त्यांना कळलं तर अर्ज जातो.

माझा पहिला अर्ज त्यांनी पाच मिनिटं ऐकला. मग सूप खाली ठेवून अहिराणीत म्हणाल्या, "व माय, तुन्हा सरस्नं नाव चारदा उनं. तुन्हं कोठे शे? काम कोणी करं, तू का सरस्नी?"

काम मीच केलं होतं. सावद्याकडच्या केळीबागांमधून दोन पावसाळे पानं मीच गोळा केली होती. पण आमच्याकडे मोठ्यांच्या पुढे आपलं नाव घेणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून मी सगळं श्रेय मार्गदर्शकांच्या पायाशी वाहून मोकळी झाले होते. नाना हसत होते. म्हणाले, "खान्देशातला दर दुसरा अर्ज याच जागी बाद होतो. वाचणाऱ्याला वाटतं, हिला काहीच येत नाही, सगळं सरांनाच येतं. सरांना नमस्कार घरी जाऊन कर. इथे तू काय केलंस ते लिही." तो अर्ज मी चार वेळा लिहिला. शिष्यवृत्ती मिळाली, पीएच.डी. पूर्ण झाली. शाळेतली नोकरी राहून गेली ती गेलीच.

आता नानांच्या तारखांबद्दल.

नाना कधी खोटं बोलत नाहीत असं या ग्रंथात बरेच जण लिहितील. ते अर्धसत्य आहे. नाना प्रत्येकाला शेवटची तारीख आठ दिवस आधीची सांगतात. गेली कित्येक वर्षं, न चुकता. हे गुपित मला अक्कांनी सांगितलं आणि त्याचं कारणही. नाना तरुण असताना त्यांना बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम करायची संधी आली होती. अर्ज तयार होता, फक्त कॉलेजच्या प्रमुखांची सही राहिली होती. आणि लगीनसराई सुरू होती. "साहेब लगनले गयथात," अक्का म्हणाल्या, "ह्या दोन दिन हापिसना दारमा बशी ऱ्हायनात. साहेब उनात, तारीख चालनी गयी." लगीनसराईत आपल्याकडे कुणाची सही मिळत नाही, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. नाना पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पारोळ्याला शिकवत राहिले आणि दुसऱ्यांच्या तारखा सांभाळू लागले.

हे ऐकून मला नानांबद्दल आदर वाटला, हे खरं. पण त्याबरोबर मी शहाणीही झाले. नाना पंधरा म्हणाले की मी मनात तेवीस धरायची. दोनदा माझं गणित बरोबर आलं. तिसऱ्यांदा नानांनी फोन केला तेव्हा ते घाईत होते. पाठ्यवृत्ती चांगली होती, माझ्या विषयालाही बसणारी. "तारीख बारा," ते म्हणाले. मी वीस धरली. एवढंच करून थांबले असते तरी चाललं असतं. पण इम्रान पिंजारी, धुळ्याचा, गाद्या-रजया भरणाऱ्या घरातून रसायनशास्त्रात पीएच.डी.पर्यंत आलेला माझा मित्र, त्याचाही अर्ज त्याच ठिकाणी जायचा होता. तो घाबराघुबरा झाला होता. मी त्याला मोठ्या ताईच्या थाटात सांगितलं, "अरे, नानांची तारीख आहे ती. अजून आठ दिवस धर."

आता सगळं फोनवर दिसतं, मग जाहिरात स्वतः उघडून का पाहिली नाही, असं कुणीही विचारेल. मी स्वतःला हे शंभरदा विचारलंय. जाहिरात नानांनी पाहायची आणि आम्ही नानांचं ऐकायचं अशी सवय लागली होती, आणि त्यात आठ मिळवले की आपण हुशार ठरतो असं वाटत होतं. जाहिरात त्या वेळी नानांपर्यंत उशिरा पोहोचली होती. आठ दिवस मागे घ्यायला जागाच नव्हती. बारा हीच खरी तारीख होती. चौदाला मी अर्ज पाठवायला बसले तेव्हा मुदत संपल्याची पाटी दिसली. लगेच इम्रानला फोन केला, तर त्याचाही अर्ज राहिलेला.

आम्ही दोघं पारोळ्याला गेलो. मला बोलणी खायची होती. नानांनी खडसावलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एरवी आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलणारे नाना म्हणाले, "चूक मन्ही शे, पोरी. तुन्ही नही. मन्हा शब्द मीच हलका करी टाका." त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून इम्रानची महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी सोय केली. स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं. तिथल्या कामावर इम्रानला पुढे दुसरी पाठ्यवृत्ती मिळाली. आज तो दक्षिणेत एका प्रयोगशाळेत आहे आणि मला दर रविवारी फोन करून चिडवतो, "ताई, आज तारीख किती धरू?"

मी मात्र वर्षभर नानांना फोन केला नाही. स्वतःचा राग मी त्यांच्यावर काढला. नानांनी नेहमी खरी तारीख सांगितली असती तर हे झालं नसतं, असं म्हणत राहिले. नानांचे फोन येत राहिले. मी न उचललेले फोन मोजले नाहीत, पण ते पुष्कळ होते. माझी आईसुद्धा धरणगावहून विचारायची, "मास्तरले कसाले इतली तरसाडस?" मास्तरांना मी तरसवत होते, हे खरंच होतं. या ग्रंथात कृतज्ञता सगळेच व्यक्त करतील. मला आधी माफी मागायची आहे. समोर बसून ती मला कधी मागता आली नाही, म्हणून इथे, सगळ्यांच्या देखत मागते. नाना, मला माफ करा.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला आणि या वेळी मी उचलला. काही झालंच नाही अशा सुरात नाना म्हणाले, "वैशाली, लिहून घे. तारीख सतरा."

मी विचारलं, "नाना, खरी की तुमची?"

ते म्हणाले, "खरी जाहिरातीत आहे, वाच. मी सांगितली ती माझी."

जाहिरात वाचली. खरी तारीख पंचवीस. म्हणजे एवढी ठेच लागूनही नानांनी आपली रीत बदललेली नाही, आणि मी तरी बदलले आहे का ते सतराला कळेल.

इथपर्यंत लिहून मी लेख बाजूला ठेवला होता. पुढचा भाग एकवीस तारखेला लिहिते आहे.

रविवारी पारोळ्याला गेले. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांवर काळा चष्मा आहे, वाचायला मनाई आहे. त्यामुळे या वेळी अक्कांबरोबर नानाही नुसते ऐकायला बसले. अर्जात एक रकाना होता, तुमचं स्वतःचं वेगळं योगदान कोणतं. तो मी आठ दिवस भरत आणि पुसत होते. शेवटी तो कोरा ठेवूनच गेले आणि अक्कांना तोंडी सांगितलं. कुठल्या बागेत करपा आधी येतो, कुठल्या बागेत उशिरा, आणि त्याचं कारण मला कसं सापडलं. बोलता बोलता मार्गदर्शकांचं नाव घ्यायचंच राहिलं. अक्का तूर निवडायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आते समजनं माले. हाईच लिख." तेच लिहिलं.

सोळाला सहीसाठी गेले तर प्राचार्य नंदुरबारकडे पुतण्याच्या लग्नाला गेलेले. शिपाई म्हणाला, हळद, लग्न, सगळं आटोपून एकोणीसला येतील. मी त्या दाराशी उभी राहिले आणि मला एकदम तरुण नाना दिसले, याच जागी दोन दिवस बसलेले. मला रडू आलं. शिपायाला वाटलं, लग्नाचं आमंत्रण नव्हतं म्हणून रडतेय.

सतरा तारीख गेली. एकोणीसला सकाळी सही मिळाली, दुपारी अर्ज गेला. संध्याकाळी नानांचा फोन. "गेला का?" एवढंच. मी म्हटलं, "गेला, नाना. तुमच्या तारखेला दोन दिवस उशीर झाला."

"मग वेळेत गेला," नाना म्हणाले आणि अक्कांना मोठ्याने हाक मारून त्यांनी ते सांगितलं.

निकाल यायला तीन-चार महिने लागतील. तोवर मला झोप लागेल असं वाटत नाही. काय होईल ते होवो, पण या वेळी दार बंद झालं तर ते निदान माझा अर्ज आत पोहोचल्यावर होईल.

आता या लेखाचा शेवट शुभेच्छांनी करायचा आहे. संपादक मंडळानेही लेखासाठी जी शेवटची तारीख दिली आहे ती आठ दिवस आधीचीच असणार, कारण मंडळात सगळे नानांचेच विद्यार्थी आहेत. तरी मी आजच पाठवते. नाना, तुमचे डोळे लवकर बरे होवोत, अक्कांची साथ राहो, ओट्यावर रविवारी एसट्यांमधून उतरणाऱ्या मुलांची गर्दी कमी न होवो. आम्ही सगळे मिळून तुम्हाला शंभर वर्षं सांगतो. पण नाना, ही आम्ही सांगितलेली तारीख आहे. खरी तिच्या बरीच पुढची आहे.