गाठीतला प्राणवायू

मंगळवारी दुपारी माझ्या मेहुण्याच्या मेंदूतून काढलेल्या गाठीचा अहवाल आला. काचपट्टीवर तपकिरी डाग जास्त होते. डाग म्हणजे प्राणवायू कमी मिळालेल्या पेशी. त्या जास्त असल्या की रोग चिवट होतो आणि आयुष्य सहसा कमी उरतं, असं डॉक्टरांनी बहिणीला सांगितलं. तिने 'प्राणवायू कमी' एवढंच घरी नेलं. संध्याकाळी भाड्याचा सिलिंडर आला.

"वहिनी, हा वारा गाठीत शिरत नाही," तिचा धाकटा दीर म्हणाला.

"तुम्ही डॉक्टर कधी झालात, भाऊजी? कॉक सोडा."

मेहुण्याने मास्क ओढून काढला. "भांडायचं तर बाहेर जा. माझ्या नाकाशी काय वैर आहे तुमचं?"

बहिणीने मास्क पुन्हा लावला, जरा जोरातच.

खिडकी उघडी होती. खोलीत हवा भरपूर होती. उपाशी ठेवलेलं मरतं, हा साधा नियम त्या पेशी मानत नाहीत. त्या उपासावरच माजतात, आणि त्यांच्यापुढे घरातल्या माणसाची माया निरुपयोगी असते.

बुधवारी डॉक्टरांनी सिलिंडर परत करायला सांगितलं.

"मग मी काय करायचं?" बहिणीने विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.