वीतभर नमुना

सीमाशुल्क कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या साहेबांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात सापडायचं. बाकी सगळीकडे ते वीतभर साहेब. उंचीवरून नव्हे, उंचीने ते दारातून वाकून शिरणारे. परदेशातून आलेल्या मालाचा नमुना कापायचा तर एकच वीत, आणि तीही सुट्या टोकाची, असा त्यांचा नियम. त्यांच्या आधीचे साहेब नमुना म्हणून पाच-पाच हात माल काढायचे आणि तो थेट त्यांच्या घरी पोचायचा. ह्यांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं, "माल व्यापाऱ्याचा आहे, आपल्या बापाचा नाही. एक वीत पुरे." तेव्हापासून एकतीस वर्षं कापड, दोर, रबर, कागद, जे जे गुंडाळून आलं त्याची वीतभर पट्टी त्यांच्या फायलींना टाचली गेली.

आलेली वस्तू म्हणजे नेमकी काय, हे ठरवणं हे त्यांचं काम. शुल्काच्या जाडजूड पुस्तकात जगातल्या यच्चयावत वस्तूंना घरं नेमून दिलेली असतात, आणि कोण कुठल्या घरात शिरतो त्यावर शुल्क ठरतं. साहेबांना ह्याचं इतकं वेड की घरीही सुटका नाही. बायकोने खुर्चीवर कपड्यांचा ढीग टाकला की ह्यांचं सुरू, "आता हिला खुर्ची म्हणायचं की कपाट? मुख्य उपयोग बघायचा असतो." बायको घरी शिवणकाम करायची, तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे उत्तर मिळत नसे, आणि आपण वाद जिंकलो असं साहेबांना वाटे.

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरा अभिमान होता. एकतीस वर्षांत त्यांचा एकही निर्णय अपिलात फिरला नव्हता. हे ते स्वतःहून सांगत नसत. समोरचा विचारेपर्यंत फक्त विषय त्या दिशेला ढकलत राहत. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. आता तेवढे पार पडले की झालं, असं म्हणेपर्यंत काळ्या प्लास्टिकच्या पट्टीची चाळीस रिळं येऊन थडकली.

रिळं मागवली होती एका छोट्या कारखान्याने. तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे मुंगीएवढे भाग तयार होत आणि ह्या पट्टीत भरून पुढे जात. कारखान्याच्या वतीने कागदपत्रं करणाऱ्या एजंटबाईंनी अर्जात लिहिलं होतं, 'माल भरायचं वेष्टन.' साहेबांनी फायलीला टाचलेली वीत उलटसुलट करून पाहिली. सपाट, गुळगुळीत, ना खळगा ना कप्पा.

"ह्यात काय भरणार? हवा?" असं म्हणत त्यांनी निर्णय लिहिला: ही नुसती प्लास्टिकची पट्टी. म्हणजे घर दुसरं, आणि शुल्क दुप्पट.

एजंटबाई पन्नाशीच्या, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी आणि चिकाटी गोचिडाची. पहिल्या दिवशी आल्या, "साहेब, एकदा रीळ उलगडून बघा." साहेब म्हणाले, "नमुना बघितलाय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "कारखान्यातली यंत्रं बंद आहेत साहेब. अठरा माणसं हातावर हात ठेवून बसलीयेत."

"मग अपील करा."

"करते. आणि ह्या वेळी खरंच करते," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी साहेबांनी बायकोला सगळी हकिकत सांगितली. म्हणजे आपण कसे बरोबर आहोत ते सांगितलं. बायकोने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"तुम्ही टोक बघितलंत. रीळ बघितलंत का?"

"अगं, नमुना म्हणजे..."

तिने लेसचं नवं रीळ उचललं आणि ओढलं. हातभर नुसती कोरी फीत. मग फुलं, पानं, जाळी. "सुरुवातीला कोरंच सोडतात अहो, चिकटवायला. तुमच्या वितीवर विसंबले असते तर ही लेस आहे हे मला जन्मात कळलं नसतं."

"लेस पुस्तकात वेगळ्या प्रकरणात येते," साहेब म्हणाले. पण जेवताना मीठ त्यांनी दोनदा घेतलं.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ते गोदामात हजर. गोदाम सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्यांनी एक रीळ काढून घेतलं आणि ओढायला सुरुवात केली. एक वीत, हातभर, दोन हात. सगळं सपाट. साहेबांचा चेहरा खुलला. "बघितलंस?" ते म्हाताऱ्याला म्हणाले. म्हाताऱ्याने काहीच विचारलं नव्हतं. आता केवळ शंका राहू नये म्हणून त्यांनी आणखी एक हिसका दिला, आणि बोट खळग्यात गेलं.

पुढे खळगेच खळगे. एका रांगेत, एका मापाचे, कडेने यंत्राने ओढायला भोकं. साहेबांनी खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली. एका गोळीला एक खळगा. हिला नुसतं प्लास्टिक कोणी म्हटलं असतं तर त्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं. ह्या विचारात हातातलं रीळ सुटलं, गडगडत निघालं आणि बघता बघता पट्टी टेबलाखाली, खोक्यांवर, साहेबांच्या पायांत. ती आवरायला गेले तर गळ्यातही आली.

नेमक्या त्याच वेळी एजंटबाई दारात. "अपिलाच्या कागदांवर गोदामाचा शिक्का हवा होता," त्या म्हणाल्या. "पण तुमचं आधी होऊ द्या."

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि युक्ती सांगितली. "आयातदाराचा नमुना अपुरा होता असं लिहा. माल सुटेल, तुमचा निर्णयही फिरला नाही असं होईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही." साहेब खोलीत परतले. तासभर त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. खोटं नव्हतंच ते, नमुना अपुरा होताच! एवढ्यासाठी एकतीस वर्षांवर पाणी सोडायचं? शेवटी त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यांनी एका दमात लिहिलं: 'नमुना मी कापला. तो अपुरा होता. माझा निर्णय चुकीचा असून मी तो मागे घेत आहे.'

प्रत त्यांनी बाईंच्या हातात दिली. "एकतीस वर्षांत पहिला," ते म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

बाईंनी कागद वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. "पहिला नाही साहेब. तुम्हाला कळलेला पहिला."

"असं कसं? चुकलो असतो तर लोकांनी अपील नसतं केलं?"

"अपिलाला वर्ष लागतं. तोवर माल इथे पडून. लोक शुल्क भरतात आणि गप्प बसतात. मीच सात-आठदा बसलेय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच साहेबांना जास्त लागलं. ज्याला आपण दबदबा समजत होतो तो लोकांचा थकवा होता, हे त्यांना एकदम कळलं आणि त्यांना फार शरम वाटली.

त्या दिवसापासून साहेब खोलीत दिसेनासे झाले. ते तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत असत. शेवटच्या दिवशी वर निरोपाचा चहा मांडला होता, खुर्च्या लावल्या होत्या, मोठे साहेब घड्याळ बघत होते. बोलावणं न्यायला कोणी धजेना, तेव्हा कामासाठी आलेल्या एजंटबाईच खाली गेल्या.

साहेब जमिनीवर बसले होते, चष्म्यावर धूळ, भोवती फायली, प्रत्येकीला एक वीत टाचलेली.

"चुकलेल्या अकरा सापडल्या," ते वर न बघता म्हणाले. "अकराही जणांना पत्रं लिहिलीयेत. अजून दोन कपाटं आहेत. बाई, त्या तुमच्या सात-आठ कुठल्या, आठवतायत का काही?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसकण मारली.

"सगळ्या," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."