आठ आकड्यांवरची पट्टी

आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन मला शिकवत होती, तेव्हा आमच्या घरात रेशनकार्डाशिवाय कागद नव्हता. मी घरातला पहिला पदवीधर. तिच्या पेन्शनसाठी पारनेरच्या कचेरीत खेटे घालताना समोरचा झेरॉक्सवाला ओळखीचा झाला.

आधारची प्रत काढताना तो पहिल्या आठ आकड्यांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो. खराब निघालेली प्रत फाडून गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. “चुलीत घाला मावशी, हितं टाकू नका.”

आईची तशी प्रत कारकुनानं परत केली. आकडे झाकलेले चालतात, असं मी त्याला सांगितलं. “लई शिकलाय. मग पेन्शन तूच दे आईला,” तो म्हणाला.

मी दुकानात परत आलो. झेरॉक्सवाल्यानं खणातून एक तेलकट कागद काढला. कुणा बाईचं आधार, पूर्ण नंबर, वर कचेरीचा शिक्का. “भेळीच्या पुडीला आला. त्यांच्याच रद्दीतला हाय.” मग त्यानं पट्टी उचलून बाजूला ठेवली. “काढू का, भाऊ?”

मी “काढा” म्हणालो.

तेव्हापासून भेळ घेतली की मी आधी कागद उलटून बघतो. आईची पेन्शन मात्र सुरू झाली.